काकांचा खुबा

काकांना मी पहिल्यांदा बसलेलं पाहिलं तेव्हा मी सातवीत होते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ते आमच्याबरोबरच डोंबिवलीला राहायचे. पंचविशीच्या आतच त्यांची पाठ आखडायला लागली आणि पुढे काही वर्षांत सगळा कणा मानेपर्यंत काठीसारखा एकसंध होऊन गेला. कुणी हाक मारली की ते मान न वळवता अख्खे वळायचे. मग उजवा खुबा गोठला. मांडी कमरेला जिथे जोडलेली असते तो सांधाच हलेना. ठाण्याच्या एका कारखान्यात ते नकाशे काढायचे. मोठ्या फळ्यापुढे उभं राहून करायचं काम होतं, म्हणून नोकरी टिकली. घरी आम्ही खाली पाट मांडून जेवायचो आणि काका स्वयंपाकघराच्या ओट्यावर ताट ठेवून, आमच्याकडे पाठ करून, उभ्याने जेवायचे. आई मुद्दाम त्यांच्याबरोबर ओट्याशी उभी राहायची. वाढायचं निमित्त असायचं, पण त्यांना एकटं वाटू नये हे खरं कारण होतं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांचा खुबा बदलला. खराब झालेला सांधा काढून तिथे प्लॅस्टिकची वाटी आणि धातूचा गोळा बसवला. गोळ्याला खाली लांब दांडा होता, तो मांडीच्या हाडाच्या पोकळीत सिमेंट भरून रोवलेला. सिमेंट हा शब्द ऐकून मला हसू आलेलं. बाबा म्हणाले, अगं, डॉक्टरही तेच म्हणतात.

घरी आल्यावर त्यांच्यासाठी जेवणाचं टेबल आणि उंच खुर्ची घेतली. पहिल्या दिवशी ते काठी बाजूला ठेवून हळूच बसले, दोन्ही तळहात मांड्यांवर ठेवले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. आईने वाढलेला वरणभात निवून गेला. कुणीही त्यांना जेवा म्हटलं नाही.

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. संध्याकाळी कामावरून आल्यावर काका एमआयडीसीच्या बाजूच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवर फिरायला जायचे. उजवा पाय ऑपरेशनचा, म्हणून काठी डाव्या हातात. एक दिवस समोरून येणाऱ्या एका बाईंनी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की तुम्ही काठी उलट्या हातात धरलीये, दुखऱ्या पायाच्या बाजूला धरा. काकांनी नम्रपणे सांगितलं की डॉक्टरांनीच अशी धरायला शिकवलंय. बाईंना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर त्या उभ्या होत्या.

"मी घरी छत्री घेऊन दोन्ही बाजूंनी चालून पाहिलं," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे."

ही माझी काकू. शाळेत भूगोल शिकवायची. धाकट्या भावंडांची शिक्षणं, लग्नं उरकता उरकता तिची चाळिशी आलेली आणि स्वतःच्या लग्नाचा विषय घरात कुणी काढेनासं झालं होतं. वर्षभर दोघं त्या रस्त्याने चालत राहिली. वाटेत तिचे विद्यार्थी भेटायचे आणि 'बाई, बाई' करत मागे लागायचे, म्हणून काकाही तिला बाईच म्हणायला लागले. लग्न झाल्यावरही तेच राहिलं. ती त्यांना अहो म्हणायची आणि ते तिला बाई.

लग्नात काकांना पाटावर मांडी घालून बसता येणार नव्हतं. गुरुजींनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हॉलच्या ऑफिसातून दोन उंच स्टुलं मागवली आणि होमकुंडाखाली विटा रचून तेही वर घेतलं. नवरा-नवरी स्टुलांवर, समोर उचललेला होम. मंगलाष्टकं संपल्यावर आईला रडू आवरेना. काका आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर राहायला गेले आणि आमच्या स्वयंपाकघरातली त्यांची खुर्ची काकूने सोबत नेली. मी बरेच दिवस त्या रिकाम्या जागेवरून काकूवर रुसलेले.

नऊ-दहा वर्षं छान गेली. मी कॉलेज संपवून ठाण्यात नोकरीला लागले. काका-काकूंनी टिटवाळ्याला घर घ्यायचं मनात आणलं. तिथे नवी बांधकामं नुकती सुरू झालेली, मोकळं होतं, आणि काकूला नदीजवळ राहायची हौस होती. एका रविवारी दोघं जागा बघायला गेली. इमारतीच्या दारातच खडीचा ढीग होता. काका त्याला वळसा घालून जात असताना पायाखालची खडी सरकली. ते फार जोरात पडले नाहीत, असं काकू नंतर सांगायची. नुसते बसल्यासारखे कोसळले. पण उजवी मांडी मध्येच भलत्या दिशेला वळली होती.

बांधकामावरचे लोक धावत आले आणि त्यांना उचलायला लागले. काकूने सगळ्यांना थांबवलं. शाळेत तिने प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेलं. तिने काकांचे दोन्ही पाय जवळ घेतले, मध्ये आपली शाल घडी करून घातली, आणि कुणाकुणाचे पंचे, रुमाल घेऊन घोट्यापासून मांडीपर्यंत पाय एकमेकांना बांधून टाकले. मग स्लॅबच्या सेंटरिंगच्या एका फळीवर त्यांना सरकवलं, फळी टेम्पोत चढवली, आणि कल्याणला एका दवाखान्यात आणलं. तिथून तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज वर्गात हजेरी घेतानाचा होता. ती म्हणाली, "भावजींना घेऊन ये. घाबरवू नकोस त्यांना."

भावजी म्हणजे माझे बाबा. आम्ही पोचलो तेव्हा काका कॉटवर होते. पायाला चिकटपट्टी लावून, पायथ्याशी कप्पीवरून दोरी सोडून तिला वजन टांगलेलं होतं. पाय ओढून धरला की कळा कमी होतात, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आम्हाला एक्स-रे दाखवला. हाडात पांढराशुभ्र दांडा, आणि त्याच्या टोकाशी हाड तिरकं चिरलेलं.

ते म्हणाले की साधं मोडलेलं मांडीचं हाड मी रोज बसवतो, पण आत सांधा बसवलेला असताना मोडलेलं मी आजवर हाताळलेलं नाही. ठाण्यात सांध्यांची ऑपरेशनं करणारे एक सर्जन आहेत, त्यांच्याकडे न्या. हे सांगताना त्यांना जराही संकोच वाटला नाही. बाबा नंतर अनेकदा म्हणायचे की त्या डॉक्टरांनी तिथेच काहीतरी करून पाहिलं असतं तर आपण काय करणार होतो.

दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्सने काकांना ठाण्याला हलवलं. मी आणि काकू मागे बसलेलो. रस्ता खड्ड्यांचा. काकू खाली गुडघे टेकून बसली आणि सगळा वेळ तिने दोन्ही हातांनी काकांची मांडी धरून ठेवली. काकांना मान हलवता येत नसल्याने फक्त गाडीचं छत दिसत होतं. ते कुठे आलो विचारायचे आणि ती खिडकीतून बघून सांगायची. शीळफाटा आला. आता उजवीकडे डोंगर दिसतोय. आता एक माणूस म्हशी घेऊन चाललाय, म्हणून थांबलोय. मुंब्र्याचा डोंगर कसा तयार झाला हेही तिने त्यांना सांगितलं. काका डोळे मिटून ऐकत होते.

ठाण्याचे सर्जन पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी एक्स-रे दिव्याच्या पेटीवर लावला आणि पेनने दाखवत समजावलं. अशा वेळी मला तीन गोष्टी बघाव्या लागतात, ते म्हणाले. हाड दांड्याच्या कुठल्या भागाशी मोडलंय. दांडा अजून घट्ट आहे की सैल झालाय. आणि उरलेलं हाड चांगलं आहे का. दांडा घट्ट असला तर तो तसाच ठेवून बाहेरून पट्टी लावायची. खाली स्क्रू बसतात. वर, जिथे आत दांडा आहे, तिथे स्क्रू नीट जात नाहीत, म्हणून हाडाभोवती तार आवळायची. पण दांडाच सैल असला तर वरून कितीही बांधा, आतला खुंटा हलतच राहणार. मग जुना दांडा काढून, मोडलेल्या जागेच्या बराच खाली जाईल असा लांब दांडा घालावा लागतो.

बाबांनी विचारलं, प्लॅस्टर घालून किंवा वजन लावून ठेवून नाही का जमणार? सर्जन म्हणाले, काहींना जमतं, पण महिनोन् महिने उताणं पडून राहावं लागतं. कण्याबरोबर यांच्या बरगड्याही आखडल्यात. छाती फुलत नाही. इतके दिवस आडवे राहिले तर कफ साठून न्यूमोनिया व्हायची भीती मला हाडापेक्षा जास्त वाटते.

मग त्यांनी काकांच्या कॉटजवळ येऊन विचारलं, पडण्याआधी या मांडीत दुखत होतं का? उठून पहिली काही पावलं टाकताना?

काकू काकांकडे बघत होती. काका म्हणाले, हो, वर्षभर तरी.

सर्जनांनी मान हलवली. दांडा आधीच सैल झालेला होता, आणि सैल दांड्याने आतून हाड पातळ केलं होतं, म्हणून एवढ्याशा पडण्याने ते मोडलं. काकूने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत काकांशी एक शब्द काढला नाही. त्यांचं तोंड पुसलं, मोसंबी सोलून एकेक फोड भरवली, चादर सारखी केली, डाव्या पायाचा तळवा चोळून दिला, पण बोलली नाही. मी काकांना विचारलं, का नाही सांगितलंत? ते हळूच म्हणाले, सांगितलं असतं तर बाईंनी फिरायला जाणं बंद केलं असतं.

काकूने ते ऐकलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

अडचण आणखी होती. भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या, त्यांनी काकांची मान, जबडा, पाठ तपासली. कमरेत सुई देऊन अर्धं अंग बधिर करता येणार नव्हतं, कारण मणके एकमेकांना जुळून गेलेले, सुईला वाटच नाही. पूर्ण भूल द्यायची तर श्वासाची नळी घशात घालावी लागते, आणि त्यासाठी मान मागे वाकवावी लागते. काकांची मान रेसभरही मागे जात नव्हती. झोपवल्यावर नळी गेली नाही तर श्वास अडकेल. म्हणून, त्या म्हणाल्या, घसा बधिर करून तुम्ही जागे असतानाच नाकातून नळी घालावी लागेल. त्रास होईल. तुम्ही घाबरून झटापट केलीत तर मला जमणार नाही.

त्यांनी विचार करायला सांगितलं आणि त्या गेल्या. कॉटपाशी आम्ही चौघंच. बाबा म्हणाले की झोपून राहण्याचा धोका आहे तसा याचाही आहे, आणि मला काही सुचत नाही. काकूने पहिल्यांदाच भिंतीला टेकून डोळ्यांना पदर लावला. ती म्हणाली, पाय नसला तरी चालेल, माणूस पाहिजे.

काका छताकडे बघत होते. त्यांनी हात पुढे केला, तो तिने धरला.

"बाई, मला परत उभ्याने जेवायचं नाहीये," ते म्हणाले. "आणि पडून तर नाहीच. आपण हे करूया."

ठरलं. मुंबईहून लांब दांडा यायला थोडे दिवस लागणार होते. तेवढ्यात काकूने काकांचा सराव घ्यायला सुरुवात केली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठून तिने सगळं विचारून घेतलं. गिळायचं नाही, ठसका आला तरी नाकाने श्वास घेत राहायचं, हात वर आणायचा नाही. सकाळ-संध्याकाळ ती काकांच्या उशाशी बसायची आणि त्यांच्याबरोबर स्वतःही तसेच श्वास घ्यायची. काकांना हसू आलं की ती वर्गात दटावतात तशी दटावायची. शेजारच्या कॉटवरचे आजोबाही त्यांच्यासोबत श्वास घ्यायला लागले.

रक्त लागणार होतं. काकूच्या शाळेत ही बातमी कशी गेली कोण जाणे, पण आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर तिच्या जुन्या विद्यार्थ्यांची रांग लागली. कुणी बँकेत, कुणी एसटीत, एक ट्रॅफिक हवालदार गणवेशातच आलेला. त्यातल्या एकाला सुईची भीती वाटत होती. काकू त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याला महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं विचारायला लागली. त्याला निम्म्याच आठवल्या. तोवर बाटली भरली.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दारापर्यंत गेलो. काकूने फक्त स्वतःच्या नाकावर बोट ठेवून एक लांब श्वास घेऊन दाखवला. काकांनीही घेतला. मग दार बंद झालं. काही वेळाने भूल देणाऱ्या डॉक्टर मुद्दाम बाहेर आल्या आणि म्हणाल्या की नळी गेली, ते झोपलेत, इतका शांत पेशंट मी पाहिला नव्हता. तिथल्या बाकावर काकू एकदम मऊ होऊन बसली, जणू तिच्याच अंगात भूल चढत होती.

पुढचं काम दुपार टळून गेली तरी चाललेलं. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झालेले. दांडा खरंच सैल निघाला होता. तो सहज हातात आला, पण जुनं सिमेंट कोरून काढायला फार वेळ लागला, कारण हाड पातळ आणि आणखी चिरायची भीती. लांब दांडा मोडलेल्या जागेच्या पार खाली नेऊन बसवला, बाहेरून तारा आवळल्या, आणि कमरेच्या हाडाचा थोडा चुरा काढून चिरेत भरला. त्यावर नवं हाड धरेल, असं ते म्हणाले. मी माझं काम केलंय, आता त्यांच्या शरीराने करायचं.

शरीराने ते केलं, पण सावकाश. काका घरी आले ते वॉकर घेऊन. उजव्या पायावर भार द्यायचा नाही, पाऊल जमिनीला नुसतं टेकवायचं, अशी सक्त ताकीद होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सहज म्हटलं की पायाखाली पापड आहे असं समजा आणि तो मोडू देऊ नका. त्या गेल्यावर काकूने खरोखरच पोह्याचा पापड भाजला, जमिनीवर कागद पसरून त्यावर ठेवला, आणि म्हणाली, टेकवा पाऊल.

पहिला पापड चुरा झाला. दुसराही. काका वॉकरवर रेलून तिच्याकडे बघत म्हणाले की घरात पापड किती आहेत ते आधी बघा. आईने ते ऐकून आमच्याकडचा डबा पाठवला. रोज सकाळी कुर्रर्र असा आवाज यायचा आणि स्वयंपाकघरातून काकू 'मोडला' एवढंच म्हणायची. पण दिवसेंदिवस काकांचं पाऊल हलकं होत गेलं. मग एका रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं, वॉकर पुढे टाकला, पापडावर पाऊल टेकवलं, डावा पाय पुढे घेतला आणि पाऊल उचललं. पापड अख्खा होता. काकूने तो उचलून उंच जागी, देवांच्या फडताळावर ठेवला. काका म्हणाले, बाई, त्याच्यावर माझा पाय पडलाय. ती म्हणाली, पडला नाही, टेकला.

पावसाळा संपता संपता आम्ही तपासणीसाठी पुन्हा ठाण्याला गेलो. नव्या एक्स-रेत चिरेच्या जागी पांढुरका फुगवटा दिसत होता. सर्जनांनी पेनने तो दाखवला. हे नवं हाड, ते म्हणाले. काकूने विचारलं, मी जवळून बघू? आणि ती पेटीपाशी इतकी जवळ गेली की तिच्या चष्म्यात तो एक्स-रे उमटला. वर्गाला नकाशा दाखवावा तशी तिने बोट न लावता त्या फुगवट्यावरून हवेत रेघ काढली. सर्जन एरवी कमी बोलणारे, पण तिचं होईपर्यंत त्यांनी दिवा बंद केला नाही.

पाय जरा आखूड झाला होता. डोंबिवलीच्या फडके रोडजवळ बसणाऱ्या चांभाराने उजव्या चपलेला जाड तळ लावून दिला. वॉकर गेला, काठी राहिली. काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दोघं टिटवाळ्याच्या त्याच इमारतीत घर घेऊन राहायला गेली. त्याआधी दारातली खडी उचलून घ्या म्हणून काकूने बिल्डरला इतकं सतावलं, की एक दिवस त्याने खरंच रस्ता साफ करून घेतला. काका दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढून यायचे आणि मांडीत जरा काही चमकलं तरी लगेच सांगायचे. सांगायचे म्हणण्यापेक्षा काकू रोज चहाच्या वेळी विचारायची आणि त्यांना उत्तर द्यावं लागायचं.

मी लग्न होऊन कल्याणला गेले, आणि ती दोघं टिटवाळ्याहून तिथल्या बाजाराला यायची तेव्हा गाठ पडायची. काका पुढे चालायचे, ताठ, मान न हलवता, समोरून येणाऱ्या गर्दीने आपल्याला वाट द्यावी अशा खात्रीने. काकू अर्धं पाऊल मागे. तिच्या एका हातात पिशवी असायची, आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत तिने त्यांच्या बुशशर्टाचं मागचं टोक धरलेलं असायचं. काकांना मागे वळून बघता येत नव्हतं. आपल्याला कुणी धरलंय हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. पण भाजीवाल्यापाशी थांबायचं झालं की ते आधी पाऊल आखडतं घ्यायचे, शर्टाला हिसका बसणार नाही इतपत, आणि मगच थांबायचे.